व्यासपीठाचा खर्च आपण उचलू

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही प्राध्यापक नाही. दहावीला गणितात नापास झालो आणि सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. आयुष्य रिंग फ्रेमवर तुटलेले धागे जोडण्यात गेले. पाळी सुटली की वाचनालयात बसायचो, तेवढेच माझे कॉलेज. तेव्हा शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

आज मी पैशाचे बोलणार आहे. विहारात पैशाचे बोलू नये असे काहींना वाटते. पण तथागतांनी सिगालाला गृहस्थाचा धर्म सांगितला तेव्हा कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक भाग संसाराला, दोन भाग धंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. म्हणजे निम्मा पैसा धंद्यात! आपण मात्र पोरांना एकच वाट दाखवली, नोकरी. आता नोकऱ्याच आटल्या.

माझ्या घरचेच सांगतो. थोरली मुलगी बी.कॉम. झाली. म्हणाली, आबा, कापडी पिशव्या शिवायचा धंदा टाकू, चार बायकांना काम मिळेल. आम्ही बापलेक कर्ज मागायला गेलो. साहेब म्हणाले, ‘प्रकल्प अहवाल आणा.’ मला वाटले, रेशनकार्डासारखा एखादा दाखला असेल. एका माणसाने तीन हजार रुपये घेऊन अहवाल करून दिला. साहेबांनी तो उघडला तर आत म्हशींचा चारा आणि दुधाचा हिशेब! दुसऱ्याच कुणाचा कागद, वर फक्त नाव आमचे. साहेब हसले. पोरगी खाली मान घालून बसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, ‘आबा, आपल्यात कुणाला विचारायला माणूसच नव्हता का हो?’

हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. पैसा नव्हता हे खरे, पण त्याआधी विचारायला माणूस नव्हता. व्यापाऱ्याचे पोर जेवताना ताटावर जे ऐकते, ते आपल्या पोरांना कुणी सांगितलेच नाही. योजना काय कमी आहेत? महात्मा फुले महामंडळ 1978 पासून आहे. सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी खरेदीतला 4 टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावा, असे केंद्राचे धोरण 2012 पासून आहे. 2016 साली 10 लाख ते 1 कोटीपर्यंत कर्ज देणारी स्टँडअप इंडिया योजना निघाली. आपल्या गल्लीत किती जणांना हे वेळेवर कळले? हात वर करा. बघा, दोनच.

आता कुणी म्हणेल, कॉलेजात उद्योजकांची भाषणे होतात की. होतात. मीही मागे बसून ऐकली आहेत. पाठीमागे फलकावर खर्च करणाऱ्याचे नाव मोठे, समोर पहिल्या रांगेत त्याचीच माणसे. वक्ता सांगतो, कष्ट करा, स्वप्ने बघा. अहो, कष्ट तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केले! पहिले पन्नास हजार कुठून आणले, जामीन कोण राहिला, पहिला माल परत आला तेव्हा काय केले, हे कुणी बोलत नाही. कारण मांडव ज्याचा, वाजंत्री त्याची.

म्हणून माझी सूचना अशी आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या विहारांनी मिळून विद्यापीठात स्थानिक उद्योजकांची एक व्याख्यानमाला सुरू करावी आणि खर्च आपण उचलावा. सांगलीला कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही झाले आहे. ठेव ठेवून तिच्या व्याजावर व्याख्यानमाला चालवायची पद्धत विद्यापीठांना नवी नाही. हिशेब करू. घरटी 500 रुपये, 200 घरे, झाले एक लाख. असे पाच विहार मिळाले तर पाच लाख. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला 35 हजार. पाच व्याख्याने निघतात. प्रवासखर्च, ध्वनिक्षेपक, चहा आणि शेवटी एक छापील पुस्तिका.

बोलवायचे कुणाला? दूर जायला नको. तासगाव तालुक्यातल्या पेड गावचे अशोक खाडे घ्या. वडील मुंबईत जोडे शिवायचे. अशोकराव माझगाव डॉकमध्ये कामाला लागले आणि पुढे भावांबरोबर समुद्रातल्या तेलविहिरींची कामे करणारी कंपनी काढली. तिचे नाव ‘दास’. दत्ता, अशोक, सुरेश या तिघा भावांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरे. कंपनीला आडनाव का दिले नाही, हे आपल्या पोरांनी उभे राहून विचारावे. कारण बाबासाहेबांनीही मुंबईत शेअर-रोख्यांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेना, पेढी बंद पडली. जातीची भिंत बाजारातही असते. ती कशी ओलांडायची, हे ओलांडलेल्याच्याच तोंडून ऐकले पाहिजे.

दुसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. 1910 साली लक्ष्मणरावांनी माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे तेच नांगर खपवायला फिरलेल्यांत आपले कर्मवीर भाऊरावही होते, ज्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. धंदा आणि शिक्षण यांचे आपल्या मातीत असे जुने नाते आहे.

पण मोठीच नावे नकोत. कुपवाडच्या वसाहतीत दोन लेथ चालवणारा, बाजारात मसाला विकणारी ताई यांनाही त्याच खुर्चीत बसवा. धंदा बुडालेल्यालाही बोलवा. तो खरे सांगेल.

शेवटी एक पथ्य. अनाथपिंडिकाने जेतवनाच्या जमिनीवर नाणी अंथरून ती विकत घेतली आणि संघाला दिली. पण तथागतांनी तिथे काय बोलावे, हे त्याने कधी ठरवले नाही. देणाऱ्याने जागा द्यावी, बोलणाऱ्याचे तोंड धरू नये. म्हणून आपले नाव फलकावर नको, हारतुरे नकोत, पुढारी नको. निम्मा वेळ प्रश्नांना. रविवारी ठेवा, म्हणजे पाळीवाले आणि धुणीभांडी करणाऱ्या बायाही येतील. आणि पै-पैचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लावा.

7 नोव्हेंबर 1900 रोजी छोट्या भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्या एका दाखल्याने आपला इतिहास फिरला. आता विद्यापीठाच्या दारात आपण ऐकायलाच नाही, यजमान म्हणूनही उभे राहू. माझे 500 रुपये मी आत्ताच कोषाध्यक्षांकडे देतो. पावती माझ्या मुलीच्या नावाने फाडा. तिला कळू दे की आता विचारायला माणसे येणार आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!