चाळिशी लागली म्हणून

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. चाळीस वर्षांच्या वयाला चाळिशी म्हणतात, आणि त्या वयात जवळचे अक्षर दिसेनासे झाले म्हणजे जो चष्मा नाकावर चढतो, त्यालाही चाळिशीच म्हणतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी या उणिवेची थट्टा केली, पण तिच्यावर उपायही केला. चष्मा लावला आणि काम पुढे चालू ठेवले. आज मात्र विद्येची आणि यंत्रांची नगरी म्हणून जिचा लौकिक आहे, त्या बंगळूरात चाळिशी लागलेल्या माणसाच्या हाती पुष्कळदा नारळच दिला जातो. त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

हे बंगळूर नेहमीच असे नव्हते. 1940 साली तेथे विमानांचा कारखाना निघाला, 1948 साली टेलिफोनचा, 1953 साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा आणि 1954 साली भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. 1961 साली जपानी सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ची घड्याळे तेथे होऊ लागली. अशा कारखान्यांत वय म्हणजे भांडवल होते. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगशी ज्याची बोटे वर्षानुवर्षे परिचित झाली, त्याच्याकडे नवखा मुलगा शिकावयास बसे. कायदाही याच समजुतीवर उभा होता. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली जी भर पडली, तिने कामगारकपातीचा एक साधा नियम घालून दिला: जो शेवटी आला तो प्रथम जाईल, आणि पुन्हा भरती करावयाची झाली तर काढलेल्यांना आधी विचारावे. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. हे तत्त्व तिच्यातही आहे.

मग बिनसले कोठे? सरकारी उद्योगांसाठी 1988 साली स्वेच्छानिवृत्तीची जी योजना आखली गेली, तिच्यात दहा वर्षांची नोकरी किंवा चाळीस वर्षांचे वय अशी पात्रता ठरली. म्हणजे निवृत्तीची पहिली पायरी अठ्ठावन्नवरून चाळिशीवर आली. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी.चा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास मान्यता दिली, तेव्हाही उरलेल्या कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचाच कागद आला. कारखानाच बंद होत असता त्यातील ‘स्वेच्छा’ किती खरी, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

तथापि त्या कामगाराला निदान कायद्याचा आधार आणि संघटनेचे पाठबळ होते. संगणकाच्या धंद्यातील मध्यमवयीन माणसाची गोष्ट याहून बिकट आहे. या धंद्याची रचना मनोऱ्यासारखी असते. तळाशी अल्प वेतनावरचे पुष्कळ तरुण आणि वर थोडे अनुभवी. वर्षे लोटतात, तळाची माणसे वर सरकतात, त्यांचे वेतन वाढते, पण वर तितक्या जागा नसतात. मग हिशेबनीस मधल्या थराकडे बोट दाखवितो. येथे एक विलक्षण पेच आहे. बढती मिळून माणूस व्यवस्थापकाचे काम करू लागला, की कायद्याच्या व्याख्येत तो ‘कामगार’ राहत नाही, आणि शेवटी आला तो प्रथम जाईल हे संरक्षणही त्याला उरत नाही. ज्या पदोन्नतीचे पेढे त्याने वाटले, तिनेच त्याच्या पायाखालची फळी काढून घेतलेली असते.

मल्लेश्वरम भागात राहणारे माझे एक परिचित सांगलीकडचे. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना एका खोलीत बोलावून राजीनामा लिहिण्यास सांगण्यात आले. त्यांनी तो लिहिला. कारण ‘काढून टाकलेला’ असा शिक्का बसला तर दुसरीकडे कोण उभे करणार? घराचे हप्ते चालू, मुलगी बारावीत, आई आजारी. पुढे सहा महिने त्यांनी अर्ज केले. उत्तर एकच येई: ‘आपला अनुभव आमच्या गरजेपेक्षा अधिक आहे.’ अखेर त्यांनी अर्जातून आपल्या नोकरीची पहिली दहा वर्षे खोडून टाकली. मला म्हणाले, “ज्या वर्षांनी मला घडविले, तीच मला लपवावी लागली.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तंत्र झपाट्याने बदलते, जुने ज्ञान शिळे होते, आणि तरुणांनाही रोजगार हवा आहे. हे सारे खरे. परंतु ज्ञान शिळे झाले आहे की नाही, हे परीक्षा घेऊन ठरवावे, जन्मतारीख पाहून नव्हे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण थट्टेपुरती ठीक. भरतीचा नियम म्हणून ती अन्यायाची आहे, मग चाळिशीची काय कथा! केंद्र सरकारने आपल्या नोकरांचे निवृत्तीचे वय 1962 साली पंचावन्नवरून अठ्ठावन्न केले आणि 1998 साली साठ. उताराला लागलेला माणूसही कामाचा असतो, याची ही कबुलीच नव्हे काय?

अमेरिकेने 1967 साली चाळिशीपुढील नोकरदारांना वयावरून डावलण्यास कायद्याने बंदी केली. आपल्या घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांनी भेद करण्यास मनाई आहे; त्या यादीत वय नाही. खासगी नोकरीतही वयावरून डावलू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तो व्हावयास हवा. पण तोवर दोन गोष्टी कायद्याविना करता येतील. पहिल्या छाननीत उमेदवाराचे वय विचारू नये. आणि दडपणाखाली घेतलेल्या राजीनाम्याला राजीनामा म्हणू नये, कपात म्हणावे व तिची भरपाई द्यावी. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. ती रक्कम अल्प असली तरी तिच्यामागचा विचार योग्य आहे. त्याचा लाभ व्यवस्थापक म्हणवल्या जाणाऱ्यांनाही का मिळू नये?

आणि आज त्या खोलीत टेबलापलीकडे बसून राजीनामा मागणारा जो पंचविशीतील तरुण आहे, त्याने एवढेच ध्यानात ठेवावे, की पंधरा वर्षांनी त्याचीही चाळिशी येणार आहे. तेव्हा आपल्याला चष्मा मिळावा की नारळ, हे त्याने आजच ठरविलेले बरे.