बारा जूनची पेटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जून उजाडला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दोन चौकश्या हमखास सुरू होतात. पहिली पावसाची. दुसरी, "यंदा कुणाकडे?" ही. बाहेरच्या माणसाला वाटेल, सत्यनारायण असावा. पण बारा जूनला आम्ही जमतो ते पुलंसाठी. पु. ल. देशपांडे गेले ते १२ जून २००० या दिवशी, पुण्यात. १९४६ साली याच तारखेला रत्नागिरीत त्यांचं आणि सुनीताबाईंचं लग्न झालं होतं. म्हणजे लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस आणि निरोप एकाच दिवशी. त्यामुळे या तारखेला नुसतं हळहळत बसणं आम्हाला कधी जमलंच नाही.

पहिल्या स्मृतिदिनाला, २००१ साली, आम्ही आठ जण एका घरी जमलो. नियम तिथेच ठरले. फोटोला हार नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. प्रत्येकाने पुलंचं काहीतरी आणायचं, वाचायचं किंवा सांगायचं. जो गंभीर भाषण करेल त्याने सगळ्यांना बटाटेवडे खाऊ घालायचे. पहिल्या वर्षी वडे मला घालावे लागले.

आमच्यात एक बँकवाले स्नेही होते. त्यांना 'म्हैस' तोंडपाठ. कोकणातल्या रस्त्यावर एसटीखाली म्हैस येते आणि मग कंडक्टर, पुढारी, फौजदार, म्हशीचा मालक असे सगळे जमतात, ते कथाकथन आपण सर्वांनी ऐकलंय. हे गृहस्थ ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणत. कॅसेटमध्ये जिथे टाळ्या आहेत तिथे थांबतसुद्धा. पहिली पाच-सहा वर्षं आम्ही पोट धरधरून हसलो. मग हळूहळू एक गंमत झाली. विनोद पूर्ण व्हायच्या आतच आम्ही हसायला लागलो. त्यानंतर हसूही कमी झालं आणि नुसत्या माना हलू लागल्या. देवळात आरती म्हणताना शब्दांकडे लक्ष नसतं, टाळ्या मात्र बरोबर पडतात, तसं.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते आणून दिलं एका निवृत्त शिक्षिकेने.

२०१७ सालच्या नोव्हेंबरात, पुलंच्या जयंतीनिमित्त, एका वाचनालयात मी बोलायला गेलो होतो. ८ नोव्हेंबर १९१९ हा त्यांचा जन्मदिवस. बोललो, लोक हसले, आणि शेवटी मी 'पुलंनी म्हटलंच आहे' म्हणून एक वाक्य टाकलं. मैत्रीवरचं होतं. मोबाईलवर आलेलं. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर या बाई आल्या आणि म्हणाल्या, "वाक्य छान होतं. कुठल्या पुस्तकातलं हो?"

मी बेधडक म्हणालो, "बहुतेक 'हसवणूक'मधलं."

त्या म्हणाल्या, "नाही. 'हसवणूक' माझं पुष्कळदा वाचून झालंय."

घरी येऊन चार रात्री मी पुस्तकं उलथीपालथी केली. वाक्य सापडलं नाही. आठवड्याभराने तेच वाक्य पुन्हा माझ्या मोबाईलवर आलं. या खेपेला खाली दुसऱ्याच लेखकाचं नाव होतं.

श्रोतेहो, मला खरंच लाज वाटली. ज्या माणसाची आठवण आपण वर्षानुवर्षं काढतो, त्याच्या तोंडी आपण भलतंच काहीतरी घालावं? आणि आपल्याला ते कळूही नये? पुलंचं वाक्य कसं चालतं, कुठे वळतं, कुठे थांबतं, हे कानात असतं तर ते खोटं वाक्य मी पहिल्या शब्दाला ओळखलं असतं. माणूस आठवत होता, पण त्याचा सूर विसरत चालला होता.

सूर हा शब्द मी उगाच वापरत नाही. पुढच्या जूनला मी आमच्या मंडळींना म्हटलं, "यंदा एकही विनोद सांगायचा नाही. यंदा फक्त पुलंचं संगीत."

आता पंचाईत अशी की पेटी हवी. वडिलांची एक जुनी पेटी माळ्यावर होती. खाली काढली तर भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, दोन सूर मुके, आणि एक सूर असा की दाबला की सुटायलाच तयार नाही. दुरुस्तीवाल्याने ती उघडून पाहिली आणि म्हणाला, "वाजवत नाही म्हणून बिघडली. वाजवत राहिला असता तर इतकं काम निघालंच नसतं." त्याचं बिल मी मुकाट्याने दिलं.

त्या बारा जूनला आम्ही एक यादी केली. 'नाच रे मोरा' हे गाणं मराठी घरातल्या प्रत्येक पोराने बोबड्या बोलात म्हटलेलं असतं. १९५३च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं, गदिमांचं गीत, आशाबाईंचा आवाज, आणि चाल पुलंची. आमच्या आठांपैकी तिघांना हे माहीत नव्हतं. सतरा वर्षं स्मृतिदिन पाळणाऱ्यांपैकी तिघांना! त्याच वर्षीचा 'गुळाचा गणपती'. कथा-पटकथा, दिग्दर्शन, संगीत, नायक, सबकुछ पुलं. त्यात भीमसेन जोशींनी गायलेलं 'इंद्रायणी काठी' आजही लागलं की माणूस हातातलं काम ठेवतो. त्याआधीच्या 'देव पावला'मधलं माणिक वर्मांचं 'कबीराचे विणतो शेले'. आकाशवाणीसाठी केलेली मंगेश पाडगावकरांची 'बिल्हण' ही संगीतिका आणि तिच्यात जितेंद्र अभिषेकींचा आवाज. यादी वाढत गेली. आमच्या यजमानांची सातवीतली नात दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आजोबा, हे सगळं एकाच माणसाचं? मग तुम्ही दरवर्षी म्हशीचंच का सांगता?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मी आज आकाशवाणीवरून बोलतोय, म्हणून एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुलं आकाशवाणीच्या नोकरीत आले १९५५ साली. आणि ज्या पेटीवर त्यांचा जीव, तिला आकाशवाणीवर तेव्हा बंदी होती. १९४० सालच्या मार्चपासून नभोवाणीने हार्मोनियम बंद केली होती. तिचे सूर ठोकून बसवलेले, तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, ती परदेशी, असे आक्षेप होते. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नकोशी होती. ही बंदी सैल व्हायला १९७०च्या पुढचा काळ उजाडला. आता पाहा, ज्या रवींद्रनाथांसाठी पुलं पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले, त्यांनाच पेटीचं वावडं. आणि ज्या संस्थेत ते रमले, तिच्या स्टुडिओत पेटीला मज्जाव. पुलंनी रवींद्रनाथ सोडले नाहीत आणि पेटीही सोडली नाही. दोघांवर सारखंच प्रेम केलं. आवडत्या माणसाशी मतभेद झाला की लगेच त्याला यादीतून खोडायची आपली सवय. त्या मानाने ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पेटीवाल्या माणसाचा विनोद कसा असतो, हे मात्र मला २०२०मध्ये कळलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी टाळेबंदीमुळे आम्ही आपापल्या घरात बसून, मोबाईलच्या पडद्यावर जमलो. बँकवाल्यांनी 'म्हैस' सुरू केली. पण आवाज एकाकडे आधी पोचायचा, दुसऱ्याकडे नंतर. एक जण हसून मोकळा व्हायचा, दुसरा तेव्हा कुठे हसायला लागायचा, आणि त्या हसण्यात पुढचं वाक्य बुडून जायचं. सगळं तेच होतं, शब्दाला शब्द, पण पार कोसळलं. मग मी पुलंचं ध्वनिमुद्रण लावून नीट ऐकलं. विनोद संपतो तिथे ते लगेच पुढे जात नाहीत. गवई समेवर येतो आणि क्षणभर तिथेच रेंगाळतो, तसे थांबतात. मग हसू ओसरायला लागतं न लागतं तोच पुढचा मुखडा उचलतात. 'म्हैस'मधलं प्रत्येक पात्र वेगळ्या पट्टीत बोलतं. कंडक्टरची पट्टी वेगळी, पुढाऱ्याची वेगळी, मालकाचा कोकणी हेल वेगळा. एकटा माणूस अख्खी एसटी उभी करायचा, ती या कानाच्या जोरावर. मला वाटतं, आम्ही इतकी वर्षं शब्द पाठ केले आणि थांबणं पाठ करायचं विसरलो.

एका माणसाची आठवण कशी काढावी, याचा धडाही पुलंनीच घालून दिलाय. त्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब आठवा. बेळगावचा हा रसिक माणूस. गाण्याचा वेडा, जिभेला हाड नाही, मराठी बोलताना कानडी हेल आणि शिव्यांची पखरण. पुलं त्यांच्यावर लिहितात तेव्हा ते गेलेले असतात. पण लेखात कुठे सुतकी चेहरा नाही. आपण पानापानावर हसतो. इतकं हसवतात की हा माणूस आता नाही हे विसरायला होतं, आणि मग शेवटी ते आठवतं. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव 'गुण गाईन आवडी', दुसऱ्याचं 'मैत्र'. गायक, लेखक, मित्र, गेलेले आणि असलेले, त्यांचे गुण गाण्यातच या माणसाने पुष्कळ शाई खर्च केली. आणि गुण गाताना त्यांनी माणसाचा लकबींसकट आवाज जपला. गुळगुळीत केला नाही.

शाईचं सांगितलं, तसं पैशाचंही सांगायला हवं. पुण्यातलं 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलं, त्यामागे पुलं आणि सुनीताबाईंनी दिलेली एक लाखाची देणगी होती. पुलंच्या मागे सुनीताबाईंच्या मदतीतून पुण्याच्या 'आयुका'त मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं नाव, आणि त्यातच पुलं. सुनीताबाई गेल्या ७ नोव्हेंबर २००९ला, पुलंच्या जयंतीच्या आदल्या दिवशी.

आता शेवटचं. आमचे बँकवाले स्नेही २०२३च्या मार्चमध्ये गेले. त्या जूनला प्रश्न पडला, जमायचं की नाही? 'म्हैस' कोण म्हणणार? त्यांच्या पत्नीनेच फोन केला. म्हणाल्या, "यंदा आमच्याकडे या. आणि कुणी गंभीर बोललं तर वडे त्याने आणायचे, एवढं लक्षात ठेवा."

गेलो. प्रथम मी 'रावसाहेब' वाचायला घेतलं. पहिल्या दोन पानांवर मंडळी चोरटं हसली. तिसऱ्या पानावर वहिनी मोठ्याने हसल्या, आणि मग घर हसलं. शेवटचा परिच्छेद मला वाचवेना. पुस्तक शेजारच्याकडे दिलं. त्याने पूर्ण केलं. नंतर पेटी वाजली. ती सातवीतली नात आता कॉलेजात होती, तिने 'म्हैस'चं पहिलं पान वाचलं. पाठ नव्हतं, अडखळत वाचलं. पण ती एका जागी थांबली. आणि तिथे, कितीतरी वर्षांनी, आम्ही वेळेवर हसलो.

तिने वडे मात्र आमच्याकडूनच वसूल केले. कारण तेवढ्यात आमच्यापैकी दोघा-तिघांनी डोळे पुसले होते आणि तिच्या मते ते गंभीर भाषणातच जमा.

श्रोतेहो, आपणही पुलंची आठवण काढतच असाल. एक विनंती आहे. येत्या बारा जूनला त्यांच्या नावाने आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी, पुस्तकाचं एखादं पान उघडा आणि ते मोठ्याने वाचा. घरातल्या लहान मुलाला 'नाच रे मोरा' म्हणायला लावा आणि चाल कुणाची ते सांगा. आणि माळ्यावर पेटी असेल, तर ती खाली काढा. दुरुस्तीचा खर्च येईल, हे मी अनुभवाने सांगतो.

यंदा आमच्याकडे आहे. वड्यांची डाळ सकाळी दळून आणायची आहे.

नमस्कार.