गंगाखेडच्या काळ्या पाषाणाखालीं

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गंगाखेड हें संत जनाबाईंचें गांव. तेथें विहीर खणूं लागलें कीं काळ्या मातीखालीं मुरूम लागतो, मुरुमाखालीं काळा पाषाण लागतो, आणि त्या पाषाणाच्या पोकळ्यांतून कधीं कधीं पांढरे चकाकणारे स्फटिक निघतात. असा स्फटिक हातीं आला म्हणजे भूमीच्या पोटांत याहून मोलाचें कांहीं दडलें असावें, अशी आशा उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. पूर्वीं ही आशा सोन्याची असे. अणुयुगांत तिच्या जोडीला युरेनियमहि आलें. भूगर्भशास्त्राचें उत्तर मात्र निराशेचें आहे. ते स्फटिक बहुधा झिओलाइटचे अथवा कॅल्साइटचे असतात. सोन्याशीं त्यांचें नातें नाहीं.

हा काळा पाषाण म्हणजे सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूपृष्ठावर पसरलेला लाव्हा. दक्षिण भारतांतील सोनें ज्या धारवाडी खडकांत मिळतें, त्यांचें वय २५० कोटी वर्षांहून अधिक आहे. त्या खडकांच्या भेगांतून खोलवरचें ऊष्ण पाणी वर चढलें आणि गारेच्या शिरांतून सोन्याचे कण ठेवून गेलें. युरेनियमचाहि ओढा ग्रॅनाइटासारख्या खडकांकडे. काळ्या पाषाणांत तें अत्यल्प असतें. तसें पाहतां भूकवचांत युरेनियम सोन्याच्या शेकडो पट आहे, पण तें विखुरलेलें असल्यानें उपयोगाचें नाहीं.

मग पाषाणाच्या खालीं काय आहे? याचें उत्तर एका आपत्तीनें मिळवून दिलें. गंगाखेडच्या दक्षिणेस सुमारें शंभर किलोमीटरांवर किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं तेथील भूकंपांत हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर कारणांच्या शोधार्थ तेथें ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यांत आलें. ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, त्याखालीं गाळाच्या खडकाचा पातळ थर, आणि त्याच्याहि खालीं अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. जुनी भूमि आहे, पण ती अशी झांकलेली आहे. युरेनियमच्या खडकांतून निघणारे किरण दोन-तीन फूट दगडानेंच अडतात, तेव्हां गायगर यंत्र वर मुकेंच राहावयाचें. सोनें तर किरणहि पाठवीत नाहीं.

म्हणून शोध करणारे दक्षिणेस, जेथें हें आच्छादन संपतें तेथें गेले. १९४८ पूर्वीं गंगाखेड निजामाच्या ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्याच संस्थानांत रायचूर जिल्हाहि होता. त्या जिल्ह्यांतील हट्टी येथें प्राचीन खणणाऱ्यांनीं सुमारें ६४० फूट खोल मजल मारली होती. सुरुंगाची दारू नव्हती. खडक आगीनें तापवून त्यावर पाणी ओतावयाचें आणि तो तडकला म्हणजे फोडावयाचा. खालीं कोंडलेल्या धुरांत हें काम करणाऱ्यांचें नांवगांव कोठेंच उरलें नाहीं. हट्टीपासून जवळच मस्की येथें १९१५ सालीं बीडन नांवाचा खाणींचा अभियंता सोन्याचे खडक पाहत हिंडत असतां त्याच्या दृष्टीस एक शिलालेख पडला. तोंवर ज्ञात असलेल्या लेखांतून ‘देवानांप्रिय’ आणि ‘प्रियदर्शी’ एवढाच निर्देश होता. येथें ‘अशोक’ हें नांव स्पष्ट आढळलें. सोन्याच्या शोधांत याहून मोठा लाभ क्वचितच कोणास झाला असेल. १९४७ मध्यें हट्टीसाठीं नवी कंपनी स्थापन झाली. तेथें एक टन खडक दळला म्हणजे कांहीं ग्रॅम सोनें हातीं येतें.

युरेनियमचा शोधहि याच बाजूस लागला. पंढरपुराहून वाहत जाणारी भीमा पुढें कर्नाटकांत शिरते. तिच्या खोऱ्यांत, यादगीर जिल्ह्यांतील गोगी येथें, चुनखडकाच्या भंगरेषेलगत अणुखनिज खात्यानें छिद्रें घेऊन युरेनियमचा सांठा निश्चित केला. येथें प्रश्न निराळा उभा राहिला. १९६७ पासून खाणकाम सुरू झालेल्या झारखंडांतील जादुगुड्याच्या खनिजांत टनामागें एक किलोहि युरेनियम नसतें. म्हणजे दळलेला जवळजवळ सगळा दगड मागें राहतो, आणि त्याच्यासवें रेडियमहि. रेडियमचें तेज निम्म्यावर येण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. गोगीच्या रहिवाशांनीं खाणीस विरोध केला, तो विहिरींच्या आणि शेतांच्या काळजीनें. त्या काळजीस अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें आहे. जो चुरा पिढ्यानुपिढ्या निवत नाहीं, त्याची राखण कोणी करावयाची, हें विचारण्याचा अधिकार त्याच्या शेजारीं राहणाऱ्यांचाच आहे.