नोंदींची आवक-जावक

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे कान एका आकड्याकडे लागलेले असतात. कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट झाली, हा तो आकडा. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाण्याने 55 फुटांचीही मर्यादा ओलांडली. या आकड्याला मोल येते ते त्याच्यासोबत स्थळ, वेळ आणि गांभीर्य कळते म्हणून, आणि तो बंधाऱ्यावरच न राहता जिल्हा नियंत्रण कक्षात पोहोचतो म्हणून.

कार्यालयांतील संगणकही अहोरात्र अशाच नोंदी करीत असतात. कोणी प्रवेश केला, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणती डिस्क भरत आली. मात्र या नोंदी बहुधा त्याच यंत्राच्या पोटात राहतात. पुराचे पाणी शिरून यंत्र बुडाले, तर काय घडले हे सांगणारा साक्षीदारही त्याच्याबरोबर बुडतो. घुसखोराची गोष्ट याहून वाईट. आत शिरल्यावर आपल्या पावलांचे ठसे पुसण्याकडेच त्याचे लक्ष असते. म्हणून नोंद होताक्षणी तिची प्रत मध्यवर्ती सर्व्हरकडे रवाना होणे अगत्याचे ठरते.

त्यासाठीची ‘सिसलॉग’ ही पद्धत 1980 च्या दशकात एरिक ऑलमन यांनी अमेरिकेत बर्कले येथे ‘सेंडमेल’ या टपाल-प्रणालीकरिता निर्माण केली. कार्यालयीन पत्रावर कार्यासनाचे नाव आणि ‘तातडीचे’ असा शिक्का असतो, तसे येथे विभागाला 0 ते 23 आणि गांभीर्याला 0 ते 7 असे क्रमांक आहेत. पूरपातळीच्या नेमके उलटे, येथे आकडा उतरेल तसा धोका चढतो; नवख्याची हमखास गफलत होते ती येथेच. विभागाला 8 ने गुणून त्यात गांभीर्य मिळवले की एकच संख्या तयार होते. 16 वा विभाग आणि 4 हे इशाऱ्याचे गांभीर्य, म्हणून 132. घेणारा सर्व्हर 8 ने भागतो: भागाकार 16, बाकी 4.

याखेरीज नोंदीवर कार्यक्रमाच्या नावाची खूण, म्हणजे टॅग असतो. सर्व्हर या खुणेवरून नोंदी वेगवेगळ्या फायलींत लावतो. एका तालुक्याने एक स्पेलिंग केले आणि दुसऱ्याने दुसरे, तर माणसाला ते उमगते, यंत्राला नाही. जिल्ह्यातील बाराही तालुक्यांची खुणांची यादी एकच हवी.

रवानगीची जुनी रीत यूडीपी 514 ही साध्या टपालासारखी आहे. पोच मिळत नाही. टीसीपीत पोच आहे, तरी जोडणी तुटण्याच्या क्षणी काही नोंदी गहाळ होऊ शकतात. टीएलएस हा मोहोरबंद लखोटा. ऐन पावसात जोडणी खंडित होणारच, म्हणून पाठविणाऱ्या यंत्राच्या डिस्कवर नोंदींची रांग राखून ठेवण्याची व्यवस्था आवश्यक आहे.

घड्याळांचा प्रश्न वेगळाच. 2001 मध्ये शब्दबद्ध झालेल्या जुन्या नमुन्यात नोंदीवर महिना, दिवस व वेळ असते, वर्ष नसते! दोन वर्षांच्या जुलैतील नोंदी एकत्र झाल्या, तर निवड कशी करावी? 2009 च्या नमुन्यात वर्ष आले आणि प्रमाणवेळेतील फरकही आला. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत घड्याळे जुळविण्याचे, 180 दिवसांच्या नोंदी जपण्याचे आणि विहित प्रकारच्या घटना कळल्यापासून 6 तासांत कळविण्याचे बंधन आहे.

मृगापूर्वी एकदा जोडणीची तार मुद्दाम काढून, तासाभराने पुन्हा जोडावी. मधल्या नोंदी मूळ वेळेसह सर्व्हरवर उतरल्या, तर रांग चालू आहे. न उतरल्यास दुरुस्तीला अजून अवधी असतो.