मूल कोणाचें ?

मूल आईबापांचें कीं समाजाचें, हा वाद प्लेटोइतका जुना आहे. राज्यरक्षकांच्या मुलांना आपले आईबाप कोण हें कळूंच नये, अशी व्यवस्था त्यानें 'रिपब्लिक' ग्रंथांत सुचविली. पण तो ग्रंथांतला विचार झाला. त्याच्याशीं मिळतीजुळती योजना दोन-तीन पिढ्या आचरून पाहिली ती विसाव्या शतकांत पॅलेस्टाइनमध्यें वस्तीस गेलेल्या ज्यू तरुणांनीं. त्यांचा अनुभव श्रोत्यांनीं अवश्य ऐकावा.

१९१० सालीं गॅलिलीच्या सरोवराकाठीं देगानिया ही पहिली सामुदायिक वसाहत निघाली. पुढें अशा वसाहतींना किबुट्झ हें नांव रूढ झालें. जमीन, जनावरें, मुदपाकखाना, मिळकत, सारें समाईक. तेथें १९१३ सालीं पहिलें मूल जन्मलें आणि मोठाच पेंच पडला. त्याची आई मिरियम बारात्झ गोठ्यावरील काम सोडावयास तयार नव्हती. तान्ह्याला जवळ घेऊन ती गाईंचें करी. योसेफ बुसेल या सभासदाचें म्हणणें पडलें कीं मुलांचा भार साऱ्या वसाहतीचा आहे, एकट्या आईचा नव्हे. तें तत्त्व मान्य झालें. मात्र गंमत अशी, कीं देगानियांतील मुलें रात्रीं आईबापांकडेच निजत. इतर बहुतेक वसाहतींनीं तेंच तत्त्व टोंकाला नेलें.

तेथें मूल जन्मानंतर लवकरच 'बालगृहांत' जाई. समवयस्क मुलांचा एकेक गट. त्यांचें जेवण, स्नान, खेळ, निद्रा तेथेंच. सांभाळावयास नेमलेल्या बाईला मेतापेलेत म्हणत. काम सुटल्यावर आईबापांनीं मुलांबरोबर कांहीं तास घालवावे, मग आईनें मुलाला बालगृहांत नेऊन निजवावें आणि आपल्या खोलीकडे परतावें. रात्रीं साऱ्या बालगृहांवर एकदोन बायांचा पहारा, तोहि आळीपाळीचा. त्यामुळें दचकून उठलेल्या मुलाजवळ येणारी बाई पुष्कळदां त्याच्या ओळखीची नसे.

हेतु क्षुद्र नव्हता. स्त्रीला चुलीपासून मोकळीक मिळावी, मुलांत गरीब-श्रीमंत हा भेद उरूं नये, ही इच्छा होती. शिक्षणांत तर हा प्रयोग गुणांच्या मागें धांवणाऱ्या शाळांना लाजविणारा ठरावा. परीक्षांना फारसें स्थान नसे. एकच विषय आठवडेच्या आठवडे निरनिराळ्या बाजूंनीं अभ्यासीत, आणि मुलांची स्वतःची लहानशी शेती व जनावरें असत.

एक परिणाम मात्र कोणींच योजिला नव्हता. योसेफ शेफर यांनीं १९७१ सालीं अशा मुलांचे पुढील २७६९ विवाह तपासले, तेव्हां पहिलीं सहा वर्षें अखंड एका गटांत काढलेलें एकहि जोडपें त्यांत आढळलें नाहीं. जणूं सारीं सख्खीं भावंडें.

पण प्रश्न रात्रीचा होता. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, घरीं निजणाऱ्या तान्ह्यांपैकीं शेंकडा ८० मुलांना आईचा निर्धास्त आधार वाटतो असें दिसलें. बालगृहांत निजणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ४८ भरलें. दिवसाची व्यवस्था दोहोंची सारखीच होती. आयांना हें सांगावयास संशोधक लागले नाहींत. मुलें रात्रीं घरीं हवींत, ही मागणी करणाऱ्यांत बालगृहांतच वाढलेल्या कित्येक स्त्रिया होत्या. एकेक वसाहत बदलत गेली, आणि १९९१ च्या आखाती युद्धानंतर उरलेल्यांनींहि ती चाल सोडली. दिवसाचीं बालगृहें राहिलीं. आईबापांना मूळ एकच खोली असे. तिला मुलांसाठीं दुसरी जोडण्याचा खर्च मोठा, आणि पुष्कळ ठिकाणीं निर्णय वर्षानुवर्षें अडला तो त्या खर्चापायींच.