गुडगुडी आणि चिलीम : एक निर्धूर छंद

छंदाविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे टपालाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, शंखशिंपले यांचीं नांवें सहज तोंडीं येतात. मी आज ज्या छंदाविषयीं बोलणार आहें, त्याचें नांव ऐकून मात्र कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील. तो छंद म्हणजे गुडगुड्या, हुक्के व चिलमी जमविण्याचा. तंबाखूच्या दुष्परिणामांवर मुलांकडून वर्षानुवर्षें निबंध लिहून घेणाऱ्या मास्तरानें उतारवयांत हें काय आरंभिलें, असें कोणी म्हणेल. म्हणून प्रथमच सांगून टाकतों कीं, मी ओढीत नाहीं. माझ्या फळीवरचे अकराहि नग कोरडे व थंड आहेत.

आमच्या कोंकणांतील गुडगुडी नारळाची. सुका नारळ घेऊन त्यांतील खोबरें डोळ्यावाटें काढून टाकावयाचें, करवंटी आंतून स्वच्छ व बाहेरून घासून तुळतुळीत करावयाची. वरच्या भोंकांत लांकडाची पोकळ दांडी बसवावयाची. तिचें खालचें टोंक आंतल्या पाण्यांत बुडालेलें, आणि वरच्या टोंकावर मातीची चिलीम. बाजूला, पाण्याच्या पातळीहून वर, दुसरें भोंक. त्याला तोंड लावून अगर नळी बसवून ओढावयाचें. ओढलें कीं पाण्यावरील हवा विरळ होते, आणि बाहेरची हवा निखाऱ्यावरून, तंबाखूंतून व दांडींतून खालीं उतरून बुडबुड्यांच्या रूपानें वर येते. त्या आवाजावरूनच वस्तूला नांव पडलें. हवेचा दाब शिकविण्यास याहून स्वस्त उपकरण मला ठाऊक नाहीं.

तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनीं ती आपल्या किनाऱ्यावर आणली, आणि शब्दहि त्यांच्याच भाषेंतून आला. दिल्लीपतीच्या दरबारीं ती पोहोंचली ती दक्षिणेंतून. अकबराचा वकील असदबेग विजापुरास गेला होता. १६०४ च्या सुमारास परततांना त्यानें तेथून तंबाखू व रत्नजडित नळी नेऊन बादशहापुढें ठेविली. ज्या वस्तूचा उल्लेख आमच्या ग्रंथांत नाहीं ती घेऊं नये, असें हकिमाचें म्हणणें पडलें. बादशहानें स्वतः ती पुढें चालू ठेविली नाहीं, पण सरदारांना तिची गोडी लागली. जहांगिरानें १६१७ सालीं बंदी घातली. ती टिकली नाहीं. असदबेगाच्या वेळीं आमचा दाभोळ-राजापूरचा किनाराहि विजापूरकरांच्याच अमलांत होता, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां एका शब्दाची गंमत पाहा. तुर्कस्तानांत हुक्क्याला 'नारगिले' या धर्तीचें नांव आहे. फारसींत नारगील म्हणजे नारळ. आणि त्याचें मूळ आपल्या संस्कृत 'नारिकेल' शब्दांत आहे. इजिप्तमध्यें गरिबाच्या हुक्क्यास 'गोझा' म्हणतात. त्याचाहि अर्थ कवचाचें फळ असाच. पुढें कांच आली, पितळ आलें, तरी नांव नारळाचेंच राहिलें. ज्या देशांत माड उगवत नाहीं, तेथील लोक काचेच्या भांड्याला नारळ म्हणत आले!

श्रीमंतांचा हुक्का अर्थातच निराळा. बिदरचे कारागीर जस्तांत थोडें तांबें मिसळून भांडें ओततात, त्यांत चांदीची नक्षी ठोकून बसवितात, आणि तेथील किल्ल्याची माती नवसागरासह लावून तें काळें करतात. माती जस्त काळें करते, चांदीला मात्र धक्का लागत नाहीं. कंपनीच्या साहेबांनाहि या थाटाचें वेड होतें. वॉरन हेस्टिंग्स यांच्याकडील १७७९ सालच्या एका निमंत्रणांत, पाहुण्यांनीं हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणूं नये, अशी सूचना होती.

अशा हुक्क्यांना जगांतील संग्रहालयांत मानाचें स्थान आहे. पण नारळाची गुडगुडी कोण जपणार? ती फुटली कीं चुलींत जाते. धडधाकट असली तरी, घराला शोभत नाहीं म्हणून उकिरड्यावर पडते. या बाबतींत पुण्याच्या कै. दिनकर गंगाधर केळकर यांचा धडा गिरविण्यासारखा आहे. १८९६ सालीं जन्मलेले व 'अज्ञातवासी' या नांवानें काव्यलेखन करणारे हे गृहस्थ १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या मागें लागले. दिवे, अडकित्ते, दौती, हुक्के, जें घराघरांत होतें तेंच त्यांनीं गोळा केलें. पुढें तो संग्रह सरकारच्या स्वाधीन केला, आणि अकालीं वारलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव संग्रहालयास दिलें. रोजच्या वापरांतली वस्तु हाहि इतिहासाचा कागदच, हें त्यांनीं महाराष्ट्राला दाखविलें.

मातीचा तुकडासुद्धां किती बोलतो, याचें एक उदाहरण देतों. इंग्लंडांतून अमेरिकेस गेलेल्या मातीच्या पाइपांच्या नळीचें भोंक सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुमारें १/८ इंच असे, अठराव्याच्या उत्तरार्धांत तें निम्म्यावर आलें. फुटक्या नळ्यांचीं भोंकें मोजून वस्तीचा काळ ठरविण्याची रीत हॅरिंग्टन या संशोधकानें १९५४ सालीं प्रसिद्ध केली. आमच्या चिलमींचीं मापें कोणीं घेतलीं तर बरें होईल.

माझ्या संग्रहांतील एक गुडगुडी मला एका खेड्यांतील आजींनीं दिली. दांडी काळी पडलेली, करवंटी हाताच्या घामानें चकचकीत झालेली. त्या म्हणाल्या, "न्या ही, गुरुजी. ह्यांचा जीव हिनंच घेतला. पण टाकवत नाही." मीं घरीं येऊन चिठ्ठीवर गांव लिहिलें, नग कोणाचा तें लिहिलें, आणि आजींचें वाक्य जसेंच्या तसें लिहिलें. त्या वाक्यावांचून ती नुसती करवंटी आहे.

त्यांचें म्हणणें खरेंच आहे. धूर पाण्यांतून आला म्हणजे निवतो, निर्विष होत नाहीं. तंबाखूचें विष त्यांत राहतेंच, शिवाय निखाऱ्याचा विषारी वायु पोटांत जातो. महाराष्ट्रानें २०१८ सालीं हुक्कागृहांस कायद्यानें बंदी केली, ती योग्यच झाली. परंतु व्यसन घालवावें म्हणून त्याची आठवणहि पुसावी, असें नाहीं. आपल्या आजा-पणजांनीं दिवसाचे कष्ट कसे विसरले, ओटीवर कोण कोणाशेजारीं बसे व कोणाला निराळी चिलीम दिली जाई, हें सर्व या वस्तूंत सांठलेलें आहे. त्यांत गोडवा आहे, तशी शरमहि आहे. दोन्ही जपलीं पाहिजेत.

तेव्हां श्रोतेहो, एखाद्या सुटीच्या दिवशीं माळ्यावर चढा. गुडगुडी अगर चिलीम सांपडली तर ती धुवून पुसून कोरडी ठेवा, आणि घरांतील वडील माणसांना विचारून, ती कोणाची व कोठली, हें कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवा. निखारा मात्र त्यावर पुन्हां ठेवूं नका.