हेल्मेट पुरेसं नाही

22 सप्टेंबर 2021 ला 'ऊर्जा' नावाचं यंत्र मेट्रोचा बोगदा खोदत कँटोनमेंटहून इथे शिवाजीनगरात पोहोचलं. यंत्राचं नाव पेपरात आलं. माती उपसणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

1 ऑगस्ट 2023 ला शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळला. 20 जण गेले. तेवढ्या वजनाखाली हेल्मेट काय करणार? उचललेल्या भाराखाली माणूसच नसावा. रिव्हर्स येणाऱ्या डंपरला इशारा देणारा हवा, पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी हवी, परांचीच्या कडेला फळी हवी, म्हणजे वीट कुणाच्या डोक्यावर पडत नाही.

यात अवघड काहीच नाही. पण खाली उभा असतो रोजंदारीवरचा, बहुतेकदा आपल्याच वस्तीतला. तो 'थांबा' म्हणाला, तर उद्याची हजेरी जाते. म्हणून 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं 500 कामगारांच्या साइटवर सुरक्षा समिती सांगितली होती, कामगारांच्या प्रतिनिधींसह.

आपण घरातले पहिले पदवीधर. पुढच्या अपघाताची बातमी वाचून नुसते हळहळू नका. विचारा: काम थांबवायचा अधिकार कुणाला होता?